गोठलेल्या तळ्यावर सगळ्यात वेगवान स्नोमोबाइल कोणती? आधी अंतर सांगा, मग गाडी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: "मिनियापोलिसला येऊन दोन हिवाळे झाले. यंदा मित्रांबरोबर गोठलेल्या तळ्यावर स्नोमोबाइलच्या शर्यतीत उतरायचं आहे. यामाहा साइडविंडर, आर्क्टिक कॅट थंडरकॅट, स्की-डू मॅक झेड आणि पोलॅरिसची टर्बो, यांत तळ्यावर सगळ्यात वेगवान कोणती? प्रत्येक व्हिडिओत वेगळं उत्तर मिळतं. जुनी गाडी घेतली तरी चालेल."

मी उत्तर विस्कॉन्सिनमध्ये स्नोमोबाइलच्या वर्कशॉपमध्ये सतरा वर्षं काम करतो आहे. क्लच लावणं हे माझं मुख्य काम. जानेवारी-फेब्रुवारीचे शनिवार-रविवार बहुतेक तळ्यावरच जातात, कधी गाड्या लावून द्यायला, कधी रडारवर बसायला. त्यामुळे हा प्रश्न मला दर हिवाळ्यात येतो. व्हिडिओ पाहून तुमचा गोंधळ झाला यात तुमची चूक नाही. त्या सगळ्यांची उत्तरं आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण "तळ्यावरची शर्यत" या दोन शब्दांत किमान तीन वेगळ्या शर्यती आहेत आणि प्रत्येकीचा विजेता वेगळा आहे.

पुढे जाण्याआधी शब्दांची एक सोय करून घेऊ. आपण आकाशातून पडतो त्यालाही बर्फ म्हणतो आणि पाणी गोठून होतो त्यालाही बर्फच म्हणतो. इथे ते चालणार नाही, कारण सगळं उत्तर या फरकावर उभं आहे. म्हणून खाली वरून पडलेल्याला मी "हिम" म्हणेन आणि तळं गोठून झालेल्या टणक थराला "बर्फ". स्नोमोबाइल, म्हणजे पुढे दोन स्की आणि खाली फिरणारा रबरी पट्टा (ट्रॅक) असलेलं यंत्र, मुळात हिमासाठी बनलेलं आहे. तुम्ही ते बर्फावर पळवायला निघाला आहात.

आता त्या तीन शर्यती. पहिली सरळ रेषेतली: साफ केलेल्या पट्टीवर 660 फूट किंवा 1000 फूट. कधी दोन गाड्या शेजारी सुटतात आणि जी आधी पोचेल ती जिंकते, कधी एकेक गाडी सुटते आणि शेवटी रडारवर वेग मोजतात. दुसरी म्हणजे या काठावरून त्या काठावर, चार-सहा मैल, पट्टी वगैरे काही नाही, तळं जसं आहे तसं. मित्रांची "शर्यत" बहुधा हीच असते. तिसरी नियमबद्ध फेऱ्यांची: तळ्यावर झेंडे लावून आखलेला वळणावळणाचा मार्ग, किंवा पाणी मारून गोठवलेला लंबगोल ट्रॅक. तुम्ही यांतल्या कोणत्या शर्यतीत उतरणार हे प्रश्नात नाही, म्हणून तिन्हींबद्दल लिहितो. पहिलीबद्दल जास्त, कारण तुम्ही नावं घेतलेल्या गाड्यांपैकी बहुतेक तिच्यासाठी प्रसिद्ध आहेत.

साइडविंडर आणि थंडरकॅट या दोन वेगळ्या कंपन्यांच्या गाड्या दिसतात, पण इंजिन एकच आहे: यामाहाचं 998 सीसीचं तीन सिलिंडरचं फोर-स्ट्रोक टर्बो. 2017च्या मॉडेलपासून दोन्हींत ते आलं आणि दोन्ही गाड्या मिनेसोटातल्या थीफ रिव्हर फॉल्सच्या आर्क्टिक कॅटच्या कारखान्यातच बनत होत्या. डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, कारखान्यातून आलेल्या अवस्थेत हे इंजिन 200 हॉर्सपॉवरच्या आसपास दाखवतं. 1000 फुटांच्या साफ पट्टीवर, काहीही न बदललेल्या गाड्यांत, मी तरी आजवर या जोडीवरच पैज लावत आलो आहे. दोघींतला खरा फरक क्लचमध्ये आहे, इंजिनात नाही. आणखी एक गोष्ट जुनी गाडी शोधताना लक्षात ठेवा: यामाहाने 2023मध्ये स्नोमोबाइलचा व्यवसाय थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि 2025चं मॉडेल हे तिचं शेवटचं. इंजिन दणकट आहे, पण गाडी घेण्याआधी तुमच्या भागात सुटे भाग आणि या इंजिनावर हात बसलेला मेकॅनिक आहे का ते बघा.

स्की-डूची मॅक झेड हीसुद्धा तीन सिलिंडरची फोर-स्ट्रोक टर्बो, रोटॅक्सचं 900 एस टर्बो आर इंजिन, जाहीर ताकद 180 हॉर्सपॉवर. सरळ रेषेत ती साइडविंडरच्या थोडी मागे राहते, पण खालून कमी थरथरते आणि तिचं सस्पेन्शन चालता चालता स्वतःला घट्ट-सैल करतं. याचा उपयोग दुसऱ्या शर्यतीत होतो, तिथे पुन्हा येतो. पोलॅरिसची पॅट्रियट बूस्ट हे टू-स्ट्रोक टर्बो आहे आणि तिचा जन्म डोंगरासाठी झाला. उंचीवर हवा विरळ झाली की साधं इंजिन दमतं, टर्बो दमत नाही, हा तिचा मूळ हेतू. मिनेसोटाची तळी काही डोंगरावर नाहीत, त्यामुळे तो फायदा इथे फारसा मिळत नाही. उरते ती ताकद आणि टू-स्ट्रोकचा हलकेपणा.

या यादीत तुम्ही एक नाव घेतलं नाहीत, ते मी घालतो: साध्या, टर्बो नसलेल्या 850 सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्या. स्की-डूची 850 ई-टेक साधारण 165 हॉर्सपॉवरची आहे. पोलॅरिसची पॅट्रियट 850 तिच्याच तोलाची.

ताकद आणि वजन यांचा हिशेब एकदा मांडून बघा, म्हणजे व्हिडिओंतला गोंधळ सुटेल. 850 टू-स्ट्रोक, तेल-पेट्रोल आणि जाड कपड्यांतला चालक धरून, साडेतीनशे किलोंच्या आतबाहेर जाते. साइडविंडर तशीच भरून चारशेच्या आसपास. म्हणजे दोघींकडे किलोमागे जवळपास अर्धा हॉर्सपॉवर, थोडं इकडेतिकडे. सुरुवातीच्या ओढीत वजन महत्त्वाचं असतं, म्हणून पहिल्या दोनशे-अडीचशे फुटांत 850 साइडविंडरच्या बरोबरीने, कधी अर्धी गाडी पुढेसुद्धा असते. व्हिडिओ तिथेच संपला तर 850 जिंकली. पण वेग वाढला की लढाई वजनाशी राहत नाही, हवेशी होते, आणि हवेला तुमचं वजन किती याच्याशी देणंघेणं नसतं. तिला फक्त एकूण ताकद कळते. हवेचा विरोध तोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ताशी 100 मैलांवरून 120 मैलांवर जायचं तर वेग 1.2 पट, पण हवेसाठी लागणारी ताकद सुमारे 1.73 पट. म्हणून 1000 फुटांच्या शेवटच्या तिसऱ्या भागात साइडविंडर निघून जाते आणि 165 हॉर्सपॉवरची गाडी कितीही हलकी असली तरी तिथे अडकते. आणि म्हणूनच वेगाचा विक्रम करणारी यंत्रं दिसायला स्नोमोबाइलसारखी उरत नाहीत. गिनेसने नोंदवलेला 2004 सालचा 172.2 मैलांचा, म्हणजे ताशी 277 किलोमीटरचा वेग ऑन्टारिओतल्या नॉर्थ बे इथे गोठलेल्या निपिसिंग सरोवरावर झाला. तिथे पोचायला निव्वळ इंजिन वाढवून भागत नाही, गाडीचा आकार बदलावा लागतो.

आता माझ्या कामाचा भाग. इंजिन दोनशेचं असलं तरी ते दोनशे बर्फापर्यंत पोचतात का? बहुतेक नव्या लोकांचा वेग इथे हरवतो.

स्नोमोबाइलमध्ये गिअर नसतात. अ‍ॅक्टिव्हासारखंच आहे: पुढे एक पुली, मागे एक पुली, मध्ये रबरी बेल्ट, वेग वाढेल तशा पुल्या उघडतात-मिटतात. या पुल्यांनाच क्लच म्हणतात. फरक एवढाच की अ‍ॅक्टिव्हाचा बेल्ट सात-आठ हॉर्सपॉवर नेतो आणि हा दोनशे. पुढच्या क्लचमधली वजनं, स्प्रिंग आणि मागच्या क्लचचा हेलिक्स (तिरक्या कडांचा तुकडा) या तीन गोष्टी ठरवतात की इंजिन शर्यतभर कोणत्या आरपीएमवर राहील. इंजिनाची कमाल ताकद एका अरुंद पट्ट्यात असते. वजनं जड झाली तर इंजिन त्या पट्ट्याच्या खाली दबून राहतं, हलकी झाली तर वर जाऊन लिमिटरवर, म्हणजे आरपीएमच्या ठरवून दिलेल्या मर्यादेवर, आपटतं. दोन्ही वेळा चालकाला वाटतं गाडी जोरात पळते आहे, कारण आवाज भरपूर असतो. रडार मात्र पाच-सहा मैल कमी दाखवतं. मी असे कितीतरी लोक पाहिले आहेत ज्यांनी महागडा ट्यून करून इंजिन अडीचशेच्या पुढे नेलं आणि क्लच कारखान्याचाच ठेवला. एका गिऱ्हाइकाची गाडी अशीच होती. पहिल्या धावेत तीनचतुर्थांश पट्टी गेली आणि बेल्ट फुटला. त्याचे दोरे मागच्या क्लचभोवती असे गुंडाळले होते की कापून काढायला मला तास लागला. बेल्ट खराब नव्हता. दोन क्लचमधलं अंतर आणि त्यांची रेषा मिलिमीटरच्या हिशेबात चुकलेली होती आणि बेल्ट प्रत्येक धावेत तापत होता. धाव संपली की क्लचचं झाकण उघडून हात जवळ न्या. हात धरवत नसेल इतकी पुली तापली असेल तर ताकद उष्णता होऊन जाते आहे, बर्फापर्यंत जात नाही.

त्यानंतर पकड. गुळगुळीत बर्फावर नुसत्या रबरी ट्रॅकला काही धरता येत नाही. म्हणून ट्रॅकमध्ये पोलादी किंवा कार्बाइडच्या टोकांचे खिळे बसवतात, त्यांना सगळे स्टड म्हणतात. ट्रॅकच्या रबरी दातांच्या वर ते पाव ते तीन अष्टमांश इंच यायला हवेत. कमी असतील तर टोचत नाहीत, जास्त असतील तर वाकतात किंवा उपटून निघतात. 850 किंवा टर्बोला 96 स्टड पुरत नाहीत. सामान्य वापरात मी 144 बसवतो आणि फक्त सरळ पट्टीवर पळणाऱ्या गाड्यांना त्याहून बरेच. पण प्रत्येक स्टड म्हणजे फिरतं वजन, आणि ते वेगात ट्रॅकला बाहेर ओढतं. शिवाय मागे पकड वाढवली की पुढे स्कींच्या खालच्या कार्बाइड पट्ट्याही तितक्याच चांगल्या लागतात. नाहीतर वळताना मागचा ट्रॅक गाडीला सरळ ढकलत राहतो आणि हँडल फिरवूनही गाडी वळत नाही. नव्या माणसाचे बरेच अपघात इथे होतात: मागे भरपूर स्टड, पुढे झिजलेले कार्बाइड.

ट्रॅकचे दातही बघा. खोल हिमासाठी दोन-अडीच इंचांचे दात असतात, ते बर्फावर वाकतात आणि वेगात हवा ढवळत बसतात. तळ्यासाठी एक ते सव्वा इंच पुरे. जुनी डोंगराची गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. तिचा लांब, उंच दातांचा ट्रॅक तुमची पंधरा-वीस हॉर्सपॉवर खाऊन टाकेल.

आणि तिसरी गोष्ट, जी विक्रेता सहसा सांगत नाही: उष्णता. या गाड्यांचं इंजिन थंड होतं ते ट्रॅकच्या वरच्या बोगद्यात बसवलेल्या हीट एक्सचेंजरमुळे, आणि तो थंड राहतो ट्रॅकने उडवलेल्या हिमामुळे. ट्रॅक ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर घसरतो, त्यांना हायफॅक्स म्हणतात, त्यांनाही वंगण म्हणून हिमच लागतं. वाऱ्याने तळं झाडून काढलं असेल आणि खाली निव्वळ काळा बर्फ असेल, तर हिम उडणार कुठून? उणे वीस तापमानात इंजिन तापतं हे ऐकायला विचित्र वाटतं, पण होतं. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी स्वतः अशा काळ्या बर्फावर तीन मैल गेलो. तापमानाचा दिवा लागला आणि थांबलो तेव्हा हायफॅक्स वितळून ट्रॅकच्या क्लिपांना चिकटलेले होते, जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. तेव्हापासून स्क्रॅचरशिवाय मी तळ्यावर जात नाही. स्क्रॅचर म्हणजे मागे बर्फ ओरखडत जाणारी स्प्रिंगची काठी. ती बर्फाचा चुरा वर उडवते, त्यावर इंजिनही थंड राहतं आणि पट्ट्याही. किंमत शंभर डॉलरच्या आतबाहेर. सरळ पट्टीवरच्या छोट्या धावेला तिची गरज नाही, पण काठ ते काठ जाणार असाल तर टर्बोच्या ट्यूनआधी ही घ्या.

थंडीचा मात्र एक फायदाही आहे. उणे 25 अंशांत हवा 20 अंशांतल्या हवेपेक्षा जवळपास अठरा टक्के दाट असते. इंजिनाला जास्त ऑक्सिजन मिळतो. नव्या इंजेक्शनच्या गाड्या इंधन आपोआप वाढवतात. जुनी कार्ब्युरेटरची गाडी असेल तर जेट मोठे करावे लागतात, नाहीतर मिश्रण पातळ होऊन पिस्टन जळतो. दाट हवा अर्थातच समोरून अडवतेही जास्त, म्हणून थंड दिवशी सुरुवात झणझणीत होते आणि रडारवरचा शेवटचा आकडा अपेक्षेइतका वाढत नाही.

आता काठ ते काठच्या शर्यतीकडे. दुरून तळं आरशासारखं सपाट दिसतं. प्रत्यक्षात वाऱ्याने हिमाचे टणक झालेले बांध त्यावर आडवे पडलेले असतात, फूटभर उंच, आणि पांढऱ्यावर पांढरे असल्यामुळे ढगाळ दिवशी ते दिसतच नाहीत. इथे दोनशे हॉर्सपॉवर वापरायला मिळत नाहीत. ज्याचं सस्पेन्शन चांगलं, जो अर्ध्या थ्रॉटलऐवजी पाऊण थ्रॉटल धरून ठेवू शकतो, तो जिंकतो. साइडविंडरचं एसआरएक्स मॉडेल, जे पट्टीवर राणी आहे, ते मुद्दाम जमिनीजवळ बसवलेलं आहे. अशा खडबडीत तळ्यावर ते चालकाची कंबर मोडेल. या शर्यतीसाठी तुमच्या यादीतून मी मॅक झेड उचलेन, आणि यादीबाहेरून 129 किंवा 137 इंची ट्रॅकची 850. दोघींत मला विचाराल तर 850. पडली-अडकली तर उचलायला हलकी, खड्ड्यातून बाहेर काढायला हलकी, आणि ताशी 90 मैलांपर्यंत तिला कोणी मागे टाकत नाही. खडबडीत तळ्यावर त्याच्यापुढे वेग कोणी टिकवत नाही.

तिसरी शर्यत तुम्हाला आश्चर्यात टाकेल. तळ्यांवरून, कालव्यांतून जाणाऱ्या क्रॉस-कंट्री शर्यतींत सगळ्यात वरच्या वर्गात धावतात त्या 600 सीसीच्या गाड्या: पोलॅरिसची 600आर, आर्क्टिक कॅटची 600ची रेस गाडी, स्की-डूची 600 आरएस. ताकद साधारण 125च्या घरात. मिशिगनमधल्या सू सेंट मेरीला 1969पासून जी आय-500 होते, एक मैलाच्या गोठवलेल्या लंबगोलावर 500 फेऱ्या, तिथेही मैदान 600चंच असतं. विस्कॉन्सिनमधल्या ईगल रिव्हरची जागतिक अजिंक्यपद डर्बी 1964 साली डॉलर लेक या खऱ्या तळ्यावर सुरू झाली, आता ती अर्ध्या मैलाच्या गोठवलेल्या ट्रॅकवर होते आणि तिच्या मुख्य वर्गातल्या गाड्या तर 440 सीसीच्या, डावीकडे वळण्यासाठीच बांधलेल्या, जमिनीला चिकटलेल्या. त्या दुकानात मिळत नाहीत. सांगायचा मुद्दा, वळणं आली आणि शर्यत लांबली की ताकदीचं महत्त्व उतरत जातं आणि वळताना वेग न सोडण्याचं वाढत जातं. यात उतरायचं असेल तर दोन-तीन वर्षं जुनी 600 रेस गाडी घ्या. ती टणक असते, आरामदायी अजिबात नसते, वॉरंटी नसते आणि बऱ्याचदा आधीच्या मालकाने तिला खूप राबवलेलं असतं, म्हणून इंजिन उघडून बघण्याचा खर्च किमतीतच धरा.

इथवर गाडीचं झालं. आता थांबण्याचं. वेगाबद्दल मला दिवसाला दहा प्रश्न येतात, थांबण्याबद्दल एकही येत नाही, म्हणून तुम्ही विचारलं नसलं तरी लिहितो. ताशी 100 मैल म्हणजे सेकंदाला सुमारे 45 मीटर. चांगले स्टड असलेली गाडी बर्फावर दर सेकंदाला आपला वेग सेकंदाला 3 मीटर इतका कमी करते असं धरलं, तर थांबायला जवळपास 330 मीटर लागतात. म्हणजे तुमच्या 1000 फुटांच्या पट्टीइतकीच दुसरी पट्टी, फक्त थांबण्यासाठी. स्टड नसतील आणि गाडी नुसती घसरत असेल तर हे अंतर एक किलोमीटरच्या घरात जातं. म्हणून आमच्याकडे रडारच्या पुढे धावपट्टीच्या दुप्पट जागा मोकळी ठेवतो, आणि तिथे मासेमारीची एकही झोपडी, एकही माणूस असेल तर धाव सुरू होत नाही. सुटणाऱ्या गाडीच्या मागेही कोणी उभं राहत नाही. निघालेला स्टड गोळीसारखा येतो. ट्रॅकने मागे उडवलेलं अडवणारा रबरी पडदा कापलेली गाडी मी पट्टीवर येऊ देत नाही.

बर्फाबद्दल मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाचा, म्हणजे डीएनआरचा, हिशेब पाठ करून ठेवा: चालायला स्वच्छ, नव्या बर्फाचे 4 इंच, एका स्नोमोबाइलला 5 ते 7 इंच, लहान कारला 9 ते 10. हे आकडे काचेसारख्या निळसर-काळ्या बर्फाचे आहेत. पांढरा, दुधाळ बर्फ, जो हिम भिजून गोठल्याने होतो, त्याची ताकद निम्मी धरा, म्हणजे जाडी दुप्पट हवी. आणि जाडी एका भोकात मोजून भागत नाही. प्रवाह जिथे तळ्यात शिरतो किंवा बाहेर पडतो तिथे, दोन भागांमधल्या अरुंद गळ्यात, पाण्याखाली झरे असतील तिथे ती अचानक कमी होते. काठावरचे घरमालक आपला धक्का बर्फाने मोडू नये म्हणून पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारी यंत्रं लावतात, त्यांच्याभोवती उघडं पाणी असतं आणि वर कधी कधी हिमाची पातळ साय. काठापाशी गाडी फुल थ्रॉटलवर कधीच असू नये याचं हे एक कारण.

दुसरं कारण लाटा. गोठलेल्या तळ्यावरून वजन गेलं की बर्फ वाकतो आणि त्याखालच्या पाण्यात लाट उठते, गाडीबरोबर ती पळते. उथळ पाण्यात या लाटेचा वेग खोलीवर अवलंबून असतो, दहा मीटर खोलीला तो ताशी 35 किलोमीटरच्या आसपास येतो. गाडीचा वेग आणि लाटेचा वेग जुळला तर बर्फावरचा ताण वाढतो. कॅनडाच्या उत्तरेतल्या हिऱ्याच्या खाणींकडे जाणाऱ्या गोठलेल्या रस्त्यावर भरलेल्या ट्रकांना ताशी 25 किलोमीटरची मर्यादा आहे, ती यासाठीच. स्नोमोबाइल हलकी असते, तिची लाट छोटी. पण शर्यतीच्या दिवशी तळ्यावर पिकअप आणि ट्रेलर येतात आणि सगळे सुरुवातीच्या रेषेजवळ दाटीने उभे राहतात. खरा भार तो असतो. त्यांना लांब लांब लावा.

तिसरं, दाबाचे कटक. थंडीत बर्फ आकुंचन-प्रसरण पावतो आणि मोठ्या तळ्यांवर त्याचे दोन तुकडे एकमेकांवर चढून मैलभर लांबीचा उंचवटा तयार होतो. काल सपाट असलेल्या जागी आज तो असू शकतो, आणि त्याच्या एका बाजूला उघडं पाणी. म्हणून काठ ते काठच्या शर्यतीचा मार्ग त्याच सकाळी हळू चालवून, काठीने ठोकून, भोकं पाडून बघायचा. आदल्या दिवशी पाहिलेला मार्ग पाहिलेला धरू नका.

कायद्याचंही ऐका. मिनेसोटात सार्वजनिक जमिनीवर आणि पाण्यावर स्नोमोबाइलला ताशी 50 मैलांची मर्यादा आहे. मित्रांनी शनिवारी सकाळी तळ्यावर जाऊन शंभरने पळवणं बेकायदा आहे, तळं कितीही मोकळं असलं तरी. शर्यत करायची तर रीतसर आयोजित, परवानगी घेतलेली, रुग्णवाहिका उभी असलेली. 31 डिसेंबर 1976 नंतर जन्मलेल्यांना सुरक्षिततेचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखलाही लागतो. तुम्ही बहुधा त्यात येता, तो आधी करून घ्या. हेल्मेट, छातीला कवच, तरंगणारं जॅकेट, गळ्यात बर्फात रोवायचे दोन सुळे आणि मनगटाला बांधलेली इंजिन बंद करणारी दोरी, एवढं अंगावर नसेल तर मी कोणाला माझ्या गाडीवर बसू देत नाही.

तर तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर. पट्टीवरची 1000 फुटांची शर्यत असेल आणि गाड्या न बदललेल्या असतील, तर साइडविंडर किंवा थंडरकॅट, त्यातही जिचा क्लच नीट लावलेला आहे ती. सहाशे साठ फुटांत 850लाही बरीच संधी आहे, जर स्टड चांगले असतील. तळं ओलांडायचं असेल तर 850, किंवा पाठीला आराम हवा असेल तर मॅक झेड. वळणांची शर्यत असेल तर जुनी 600 रेस गाडी. दोनच हिवाळे झाले म्हणता, त्यामुळे स्वतःच्या भावाला सांगितलं असतं तेच सांगतो: यंदा जुनी 850 घ्या, उरलेल्या पैशांत 144 स्टड, नवे कार्बाइड, स्क्रॅचर आणि क्लचचं काम करून घ्या, आणि आयोजित रडार रनला जाऊन सकाळी आठ-दहा धावा करा. दर धावेनंतर आरपीएम किती होता आणि रडारने किती दाखवलं हे वहीत लिहा. त्या वहीवरून पुढच्या वर्षी तुम्हालाच कळेल की तुम्हाला टर्बो हवी आहे की नाही.

गाडी बघायला जाल तेव्हा क्लचचं झाकण उघडून आतला फोटो काढा, हायफॅक्स किती झिजलेत ते बघा आणि ट्रॅक हाताने फिरवून स्टडच्या मुळाशी रबर फाटलंय का ते तपासा. फोटो, गाडीचं वर्ष आणि कोणत्या तळ्यावर किती फुटांची पट्टी आहे एवढं इथेच खाली टाका. क्लचची वजनं, स्प्रिंग आणि चेनकेसमधले (क्लचकडून ट्रॅककडे ताकद नेणाऱ्या साखळीच्या चाकांचे) दात किती ठेवायचे ते मी त्यावरून सांगतो.